आमचा पत्ता बदलला आहे

गेली बावीस वर्षं मी बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांना एकच वाक्य ऐकवत आलो आहे : ‘सर्व्हर डाऊन आहे, जेवणानंतर या.’ हे वाक्य तोंडात इतकं बसलं आहे की परवा सत्यनारायणाला गुरुजींनी ‘गोत्र?’ असं विचारलं, तेव्हा मी जेमतेम जीभ आवरली. गंमत म्हणजे हा सर्व्हर मी कधी पाहिलेला नाही. तो कुठे असतो, कसा दिसतो, आमच्या शाखेत कोणालाच ठाऊक नाही. तो आहे, हे तो रुसल्यावरच कळतं.

असा एक सर्व्हर सध्या आमच्या डोंबिवलीच्या घरात, कपाट आणि तांदळाचा डबा यांच्या मधल्या जागेत वास्तव्यास आहे. ही बातमी मी मोठ्या अभिमानाने शाखेत सांगितली. आमचे हेड कॅशियर नोटा मोजता मोजता एवढंच म्हणाले, “म्हणजे आता घरीही काम बंद!”

पण मी मुळापासून सांगतो.

आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. सातारा जिल्ह्यातली एकही दिशा त्यांच्या बदल्यांतून सुटली नाही. वाई, मेढा, दहिवडी, पाटण. नव्या गावी पोचल्यावर चूल मांडायच्या आधी अण्णा ट्रंकेवर बसून पंधरा पैशांची वीस कार्डं लिहीत. सगळ्यांवर मजकूर एकच : ‘आमचा पत्ता बदलला आहे. नवीन पत्ता खालीलप्रमाणे. कळावे.’ आई म्हणायची, “अहो, आधी स्टोव्हला रॉकेल तरी आणा!” अण्णा म्हणायचे, “आधी जगाला कळू दे, आपण कुठे आहोत ते.”

आता अण्णा एकोणऐंशी वर्षांचे आहेत. आई जाऊन बारा वर्षं झाली. अण्णांच्या बदल्या मात्र अजून चालूच आहेत. चार महिने आमच्याकडे, चार महिने नाशिकला दादाकडे, चार महिने कोल्हापूरला ताईकडे. पूर्वी बदलीचा हुकूम जिल्हा परिषदेतून येई, आता तो आम्ही तिघं भावंडं फोनवर ठरवतो. प्रवासभत्ता तेवढा बंद झाला आहे.

आईच्या आवाजाची एक कॅसेट आमच्याकडे होती. १९८६ साली मामा मस्कतला होता, तेव्हा पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची पद्धत होती. त्या कॅसेटमध्ये आई मामाशी बासष्ट मिनिटं बोलते. गोडेतेलाचा भाव, शेजारच्यांची म्हैस, दादाची परीक्षा, माझा खोकला. मध्येच अण्णा मागून ओरडतात, “सेल संपतील!” आणि आई म्हणते, “संपू देत.” ही कॅसेट आमच्या चिरंजीवाने कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. अण्णांनी ती ऐकली, चष्मा पुसला आणि म्हणाले, “ही नाशिकला ऐकता येईल का रे?”

आता यावर सरळ उपाय पुष्कळ होते. आमच्या हिने तो लगेच सांगितला, “पेनड्राइव्हमध्ये भरून द्या की!” भरून दिला. तो नाशिकला शर्टाच्या खिशातून धुऊन निघाला. दुसरा कोल्हापूरच्या एस.टी.त राहिला. शिवाय दादाला जुने फोटो हवे होते, ताईला आईच्या हातची पाककृतींची वही हवी होती, आणि यात रोज भर पडत होती. कुठल्याशा कंपनीच्या गोदामात फुकट जागा मिळते, असं चिरंजीव म्हणाला. पण खरं सांगू? तोवर मला स्वतःच्या सर्व्हरचा मोह पडला होता. बावीस वर्षं दुसऱ्याच्या सर्व्हरच्या मर्जीवर काढलेल्या माणसाला एकदा तरी मालक व्हावंसं वाटतं. चिरंजीवाचा टाकाऊ कॉम्प्युटर होताच. त्याने तो पुसला, त्यात काहीतरी चढवलं, आणि घरातल्या घरात आईचा आवाज माझ्या मोबाइलवर वाजू लागला. मी म्हटलं, “झालं! आता नाशिकला पत्ता कळव.”

“कुठला पत्ता?” चिरंजीव म्हणाला.

इथून माझं शिक्षण सुरू झालं. इंटरनेटवर प्रत्येक दाराला एक क्रमांक असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. आम्हांला मिळतो तो जुन्या पद्धतीचा. त्या पद्धतीत एकंदर पत्ते सुमारे ४२९ कोटी. ही पद्धत घातली तेव्हा एवढे पत्ते कोणाला लागणार, असं वाटलं असणार. आमच्या सोसायटीच्या पार्किंगचंही असंच झालं. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून संपले. म्हणून घरगुती गिऱ्हाइकाला पत्ता कायमचा देत नाहीत, फिरता देतात. लाइट गेली, राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की नवा पत्ता मिळतो. थोडक्यात, अण्णांच्या बदल्या. फक्त इथे हुकूमही हातात पडत नाही.

मला हे आधी पटलं नाही. मी कागदावर चार आकडे लिहून घेतले आणि दादाला फोनवर सांगितले. दादाने ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबराखाली लिहिले. रात्री पाऊस आला, लाइट गेली, आली. सकाळी दादाचा फोन, “अरे, तू दिलेल्या पत्त्यावर कोणी नाही.” म्हणजे तो पत्ता आता दुसऱ्याच कोणाचा तरी होता आणि आमचे दादासाहेब भल्या पहाटे त्याच्या दारावर थापा मारून आले होते.

“यासाठी डायनॅमिक डीएनएस वापरायचं,” चिरंजीव म्हणाला. नाव भारदस्त आहे, पण वाचकहो, घाबरू नका. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. मला जे कळलं ते कोणालाही कळेल.

क्रमांक लक्षात राहात नाहीत, नावं राहतात. म्हणून इंटरनेटवर नावावरून क्रमांक शोधायची सोय असते. फार पूर्वी साऱ्या नावांची यादी एकाच फाइलीत असे आणि ती अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली असे. नवा कॉम्प्युटर आला की तिथे कळवायचं, आणि बाकीच्यांनी ती फाइल वेळोवेळी उतरवून घ्यायची. एकाच खतावणीवर सगळ्या शाखांचा कारभार! कॉम्प्युटर वाढले तसं ते झेपेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या गृहस्थांनी ही खतावणी अनेक ठिकाणी वाटून ठेवायची व्यवस्था आखली. तेच डीएनएस. १९९७ साली त्यातली नोंद दुरून, हाताने न खोडता बदलण्याची शिस्तशीर रीतही ठरली.

घरगुती माणसाने करायचं ते इतकंच : अशी सेवा देणाऱ्याकडे एक नाव घ्यायचं. आम्ही आईचं माहेरचं नाव घेतलं. मग आपल्या कॉम्प्युटरवर एक चिमुकला प्रोग्रॅम ठेवायचा. तो दर पाच मिनिटांनी बघतो की आपला बाहेरचा पत्ता बदलला का, आणि बदलला असेल तर लगेच त्या सेवेला कळवतो. मी ताडकन उठून उभा राहिलो. हे तर अण्णांचं कार्ड! ‘आमचा पत्ता बदलला आहे. नवीन पत्ता खालीलप्रमाणे. कळावे.’

अण्णांना समजावून सांगितलं. त्यांनी मास्तरी प्रश्न काढला, “ज्यांच्याजवळ जुना पत्ता लिहिलेला आहे, त्यांचं काय?” प्रश्न बिनतोड होता. प्रत्येक नोंदीबरोबर मुदत लिहिलेली असते : इतके सेकंद ही खरी धरा, नंतर पुन्हा विचारा. आम्ही मुदत ठेवली ६० सेकंद. मुदत ठेवीच्या काउंटरवर मी नऊ वर्षं काढली, पण इतकी अल्प मुदत माझ्या हातून प्रथमच लिहिली गेली.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “दहिवडीहून पाटणला गेलो तेव्हा एक कार्ड कमी पडलं होतं. वाईचा माझा बालमित्र राहिला. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका दहिवडीला गेली. ती फिरत फिरत मला मिळाली तेव्हा लग्न होऊन दोन महिने झाले होते. त्याला वाटलं, मास्तर मोठे झाले. पुढे त्याने पत्र टाकलं नाही. साठ सेकंद म्हणतोस? बरं आहे.”

आता नाव मिळालं, कार्ड आपोआप जायला लागलं. तरी नाशिकला दार उघडेना. चिरंजीवाने राउटरमध्ये डोकं घातलं आणि वर काढून जाहीर केलं, “बाबा, आपल्याला पत्ताच नाही.” नियमित मेंटेनन्स भरणाऱ्या माणसाला हे ऐकणं कठीण असतं. पण खरं होतं. पत्ते कमी पडले म्हणून इंटरनेटवाले एकाच दर्शनी पत्त्यामागे अनेक घरं बसवतात. आतल्या घरांना वाटायला १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे आकडे २०१२ साली मुद्दाम वेगळे काढून ठेवले आहेत, आणि आमच्या राउटरवर त्यांतलाच एक आकडा होता. साताऱ्याला आम्ही एका वाड्यात राहात होतो, तिथे दिंडीदरवाजा एक आणि भाडेकरू अकरा. आतला माणूस खुशाल बाहेर पडे. पण बाहेरून येणारा नुसता वाड्याचा नंबर घेऊन आला, की त्याला कोणाकडे पाठवायचं हे कोणालाच ठाऊक नसे. अशा पाहुण्याला वाड्यातले लोक परत पाठवीत. आमच्या आईचंही तेच चाललं होतं.

नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही६चे पत्ते मात्र मुबलक आहेत. ३४ वर ३७ शून्यं द्यावी एवढे. माझ्या लेजरच्या रकान्यात मावणार नाहीत. पण दोन्ही टोकांना ती सोय हवी, आणि दादाकडे ती पोचलेली नव्हती. तेव्हा मी इंटरनेटवाल्यांना फोन लावला.

“सर, नेट चालतंय ना?”

“चालतंय.”

“मग तक्रार काय आहे, सर?”

“मला बाहेर जाता येतं. पण माझ्याकडे कोणाला येता येत नाही.”

पलीकडे शांतता. मग सहानुभूतीने, “सर, घरी आणखी कोणी आहे का बोलायला?”

चार फोन, दोन अर्ज आणि एक ओळखपत्राची प्रत यांनंतर आम्हांला दर्शनी पत्ता मिळाला. स्थिर हवा तर दरमहा वेगळे पैसे, फिरता चालत असेल तर नुसता अर्ज. मी फिरताच घेतला. कारकुनाच्या संसारात डायनॅमिक डीएनएसचं खरं प्रयोजन हेच.

मग राउटरला सांगून ठेवावं लागलं की अमुक नंबरच्या दारावर थाप आली तर ती तांदळाच्या डब्याजवळच्या कॉम्प्युटरकडे पाठव. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. आमच्या वाड्यात हे काम ओट्यावर बसलेली एक आजी करीत असे. “मास्तर का? दुसरा जिना, डावीकडे, चपला खाली काढा.”

सगळं झालं. मी आमच्याच घरात बसून मोबाइलवर आमचंच नाव टाकलं. उघडेना! पुन्हा टाकलं. उघडेना! संतापून जिन्यात गेलो, वायफाय सुटलं, आणि जिन्यात आई बोलायला लागली. काही राउटरांना म्हणे घरातूनच घराला बाहेरच्या नावाने मारलेली हाक ऐकू येत नाही. आमच्या हिने यावर मान डोलावली. “काही माणसांनाही येत नाही,” ती म्हणाली आणि दुसऱ्या कामाला लागली. त्या वेळी मला हा टोमणा कळला नव्हता. तो ओलीस ठेवून पुढे चला.

तासाभराने चिरंजीवाने सर्व्हरची नोंदवही उघडून दाखवली. कोण आलं, कधी आलं, काय मागितलं, सगळं तीत आपोआप लिहिलं जातं. मला वाटलं, दादा येऊन गेला असेल. दादा नव्हता. जगाच्या पाठीवरून अनोळखी मंडळी येऊन आमच्या दारावर थापा मारीत होती. कोणी ‘अ‍ॅडमिन’ असल्याचं सांगत होतं, कोणी ‘रूट’. हे सगळे यंत्रमानव. ते दिवसरात्र एकेक दार ढकलून बघत हिंडत असतात. लोक कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवतात, आणि हे घुसतात. अशाच हजारो घरगुती कॅमेऱ्यांना आणि राउटरांना वश करून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डीएनएस पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीवर हल्ला चढवला गेला, आणि अमेरिकेतली बडी बडी संकेतस्थळं तासन्‌तास सापडेनाशी झाली. ती कंपनी एकेकाळी आमच्यासारख्यांना फुकट फिरती नावं देण्याबद्दल प्रसिद्ध होती. २०१४ साली तिने ते फुकट खातं बंद केलं होतं.

मी बँकेचा माणूस. तिजोरी उघडी टाकून झोप येणं शक्य नव्हतं. आम्ही नको ती सगळी दारं बंद केली, एकच ठेवलं, त्याला कुलूप घातलं, राउटरचा पासवर्ड बदलला आणि घरातल्या प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळी किल्ली दिली. अण्णांचं नाव ‘अण्णा’. चिरंजीवाने त्यांच्या मोबाइलवर आईच्या फोटोचं एक बटण करून दिलं. जुलैत ते नाशिकला गेले.

आणि दुसऱ्याच दिवशी नोंदवहीत ओळ उमटली : ‘अण्णा, सायंकाळी ७ वाजून ४ मिनिटं.’ मग रोजच. देवापाशी दिवा लावून झाला की सातच्या सुमारास अण्णा येत, कधी बासष्ट मिनिटं पुरी ऐकत, कधी म्हशीपर्यंत. मी बँकेतून आलो की हातपाय धुऊन आधी नोंदवही बघायचो. ओळ दिसली की म्हणायचो, “अण्णा बरे आहेत,” आणि ताट घ्यायचो. आमची ही एकदा म्हणाली, “फोन करा ना एखादा.” मी म्हटलं, “कशाला? आत्ताच येऊन गेलेत.”

ऑगस्टच्या अखेरीला एका सोमवारी ओळ आली नाही. मंगळवारीही नाही. मी लगेच कामाला लागलो. आमचा पत्ता तपासला, बरोबर होता. कार्ड वेळेवर गेलं होतं. दार उघडं होतं. राउटर बंद करून चालू केला, नवा पत्ता आला, एका मिनिटात नावापुढे तोही लागला. जिन्यात जाऊन पाहिलं, आई बोलत होती. बुधवारी रात्री साडेअकराला मी चिरंजीवाला उठवलं. तो डोळे चोळत बसला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, “बाबा, आपल्याकडे सगळं चालू आहे. तिकडून कोणी येतच नाहीये.” मग जांभई देत म्हणाला, “आजोबांना फोन केलात का?”

नव्हता केला. तीन दिवस यंत्र उसकत बसलो होतो. नीट हिशेब केला तर सात आठवड्यांत एकदाही केला नव्हता.

सकाळी सहाला केला. दादाने उचलला. अण्णांना रविवारपासून ताप होता. डॉक्टर झाले, औषध चालू होतं, आता उतार होता. “तुला कळवायचं राहिलंच बघ,” दादा म्हणाला. यात त्याचा दोष नव्हता. मी विचारलंच नव्हतं. मग अण्णा फोनवर आले. आवाज खोल गेलेला. म्हणाले, “काय रे, सर्व्हर डाऊन झाला का?”

बावीस वर्षांत हे वाक्य प्रथमच मला कोणीतरी ऐकवत होतं. मला उत्तर सुचलं नाही.

दर नोव्हेंबरात आमच्या काउंटरवर पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. ‘मी जिवंत आहे’ असं वर्षातून एकदा बँकेला सांगावं लागतं, नाहीतर पेन्शन थांबतं. २०१४ पासून हे बोट टेकवून कॉम्प्युटरवरही होतं, पण बरीच म्हातारी माणसं अजून मुद्दाम शाखेत येतात. मी मान वर न करता म्हणतो, “सही इथे, पुढचे.” फुकट नाव देणाऱ्या काही सेवांतही असाच कायदा आहे. महिन्यातून एकदा ‘मी अजून आहे’ म्हणून कळवलं नाही, तर नाव खोडतात. यंत्राला हे बरोबर समजतं. पत्ता बदलो न बदलो, तो प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी डोकं वर काढून बघतो. त्या म्हाताऱ्यांना एक सही करायला अर्धा तास का लागतो, हे मात्र मला त्या सकाळी समजलं. त्यांना सही करायची नसते. कोणीतरी मान वर करून बघावं, एवढंच हवं असतं.

अण्णा बरे झाले. सातची ओळ पुन्हा यायला लागली. मी आता साडेसातला फोन करतो. पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं, “पत्ता बदलला का तुझा?”

“नाही.”

“मग?”

“सहज.”

“सहज चार पैशांचा फोन करतात का कोणी?” असं म्हणाले, आणि वीस मिनिटं बोलले.

मागच्या आठवड्यात नाशिकहून एक कार्ड आलं. खरोखरीचं, पोस्टाचं. अक्षर थोडं हललेलं, पण ओळी मास्तरांच्या, सरळ. वर तारीख. खाली मजकूर :

‘आमचा पत्ता बदललेला नाही. प्रकृती ठीक. तुम्ही सर्व कसे आहात? कळावे.’

कार्ड पोचायला सहा दिवस लागले होते. मी ते तांदळाच्या डब्याजवळ, सर्व्हरच्या डोक्यावर टेकवून ठेवलं आहे. शेवटी तोही त्याच खात्यातला.